घरात थँक्यू म्हटलं की हसतात. मग आभार मानायचे तरी कसे?

तुमच्या प्रश्नात खरं तर तीन प्रश्न आहेत आणि तिन्हींची उत्तरं वेगळी आहेत. म्हणून मला जे कळलं ते आधी मांडते. तुम्ही नाशकात इंदिरानगरला राहता, अंबडच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहात. कुठेतरी वाचून रोज रात्री वहीत तीन चांगल्या गोष्टी लिहायला लागलात. सुरुवातीला बरं वाटलं, मग ‘तब्येत, कुटुंब, नोकरी’ हेच उलटसुलट यायला लागलं आणि आता वही उघडायचाही कंटाळा येतो. वहीत नवीन काय लिहू, हा पहिला प्रश्न. नुसतं लिहून काय उपयोग, बोलून दाखवू, म्हणून डबा हातात घेताना बायकोला थँक्यू म्हणालात, तर ती म्हणाली, “आज काय काम काढलंय?” आईला म्हणालात, तर आई म्हणाली, “मी काय परकी आहे का?” तिसरा प्रश्न निफाडकडच्या मामांचा. डिप्लोमाच्या काळात त्यांनी तुम्हाला दोन वर्षं घरी ठेवून घेतलं, गारपिटीत द्राक्षबाग गेली त्या वर्षीसुद्धा तुमची फी थांबू दिली नाही. हे त्यांच्याजवळ एकदा बोलायचंय, पण समोर गेलात की घसा अडकतो आणि पाऊसपाण्याच्या गप्पा मारून परत येता. शेवटी तुम्ही विचारलंय, “आपल्या माणसांत हे चालतच नाही का?”

चालतं. पण तुम्ही ज्या रूपात ते घरी आणलंत, त्या रूपात चालत नाही. मी नाशकात बरीच वर्षं समुपदेशनाचं काम करते. नवरा-बायको, सासू-सून, भावाभावांतले अबोले, आणि अधूनमधून सातपूर-अंबडच्या कंपन्यांत सुपरवायझरांची सत्रं. ‘मला कोणी थँक्यू म्हणत नाही’ अशी तक्रार घेऊन माझ्याकडे सहसा कोणी येत नाही. ‘मी एवढं करते, कोणाच्या लक्षातसुद्धा येत नाही,’ ही मात्र कायमची. माझं सगळं उत्तर या तक्रारीभोवतीच फिरणार आहे. कोणी, काय केलं आणि ते करताना त्याचं काय खर्ची पडलं, हे तुम्हाला दिसलं पाहिजे. आणि तुम्हाला दिसलंय हे त्याला कळलं पाहिजे. एवढं झालं की आभार पोचतात, मग शब्द कुठलाही असो किंवा नसो.

काही गोष्टी परिस्थितीवर आहेत, त्या आधीच सांगून टाकते. तुम्हाला कंटाळा फक्त वहीचा आलाय की सगळ्याचाच, हे तुमच्या मजकुरावरून मला कळत नाही. झोप लागत नाही, जेवण जात नाही, एरवी आवडणाऱ्या गोष्टीतही मन लागत नाही आणि असं दोन आठवड्यांच्या वर चाललंय, तर वही ठेवून द्या आणि डॉक्टरांना भेटा. लगेच जमत नसेल तर सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा नंबर चोवीस तास सुरू असतो, मराठीतही बोलता येतं. अशा अवस्थेतल्या माणसाला ‘चांगलं काय घडलं ते लिही’ म्हणून सांगितलं, की तो आणखीच खचतो. एवढं सगळं असून मला बरं का वाटत नाही, असा अपराधीपणा वरून चढतो. वहीचे गुण औषधासारखे गाणारे पुष्कळ आहेत; पण अशा प्रयोगांचा एकत्रित आढावा २०२१ साली प्रसिद्ध झाला, त्यात नैराश्य आणि चिंतेवर वहीचा परिणाम अगदी थोडाच दिसला. आपली अपेक्षाही तेवढीच ठेवावी.

आता वहीचंच बोलू. तुम्हाला कंटाळा आला यात तुमचा स्वभाव आड आलेला नाही. ज्या प्रयोगांमुळे ही पद्धत जगभर गेली, त्यात कोणी महिनोन् महिने रोज लिहीतच नव्हतं. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलॉ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली जे काम प्रसिद्ध केलं, त्यातल्या पहिल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना आठवड्यातून एकदाच लिहायचं होतं, असं दहा आठवडे, आणि गोष्टी जास्तीत जास्त पाच. दुसऱ्या गटाने आठवड्यातल्या कटकटी लिहिल्या, तिसऱ्याने नुसत्या घडामोडी. चांगलं लिहिणारा गट आपल्या आयुष्याबद्दल बाकीच्यांपेक्षा समाधानी निघाला. पुढच्या प्रयोगांत रोज लिहायला लावलं, पण तेही दोन-तीन आठवड्यांपुरतं. मानसशास्त्रज्ञ सोन्या ल्युबोमिरस्की यांनी तर किती वेळा लिहायचं याचीच तुलना केली. सहा आठवडे आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला, आठवड्यातून तीनदा लिहिणाऱ्यांना झाला नाही. रोजच्या रोज केलं की नोंद हजेरीपटासारखी होते आणि हजेरीपट भरताना कोणी वर मान करून चेहरे बघत नाही.

‘रात्री तीन गोष्टी’ हा जो प्रकार तुम्ही वाचलात, तो मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००५ सालच्या कामातून आलाय. तिथे तो एकच आठवडा करायचा होता आणि प्रत्येक गोष्टीपुढे ती का घडली हेही लिहायचं होतं. इकडे येईपर्यंत ‘का’ गळून पडला आणि नुसती यादी उरली. माझ्या मते अख्खा जीव त्या ‘का’मध्ये आहे. ‘नोकरी आहे’ असं लिहून मनात काही हलत नाही. ‘मंगळवारी मला यायला वीस मिनिटं उशीर झाला, तेवढ्यात रात्रपाळीच्या सुपरवायझरने घरी न जाता लाइन सांभाळली, त्याची कंपनीची बस चुकली’ असं लिहिलंत, की एक माणूस, त्याची गेलेली बस आणि तुमच्यावरचं एक छोटं देणं, तिन्ही समोर उभी राहतात.

म्हणून मी लोकांना आठवड्यातून एकदाच, सुट्टीच्या दिवशी, लिहायला सांगते. तीन घटना खूप झाल्या, एकही चालते. प्रत्येक घटनेला माणूस हवा. ‘पाणी आलं’ असं लिहू नका. पहाटे अंधारात येऊन व्हॉल्व्ह फिरवणारा पालिकेचा व्हॉल्व्हमन लिहा, मग भले तुम्हाला त्याचं नाव माहीत नसो. बहुतेकांना ते नसतंच, आणि आपल्याला माहीत नाही हे लक्षात येणं हासुद्धा त्या आठवड्याचा मोठा लाभ. मग त्या कामापायी त्याचं काय गेलं, ते लिहा. झोप गेली, वेळ गेला, पैसा गेला, की कोणाकडे तरी शब्द टाकावा लागला? हे सुचत नसेल तर त्याचा अर्थ एवढाच, की तुम्ही अजून नीट पाहिलेलं नाही. पुढच्या आठवड्यात बघा. एखाद्या आठवड्यात काहीच सापडलं नाही तर पान कोरं राहू द्या, ओढूनताणून भरू नका.

एक गोष्ट मात्र वहीत नको. रामकुंडावर भिकेसाठी ओळीने बसलेली माणसं बघून ‘आपण किती नशीबवान’ असं बरेच जण लिहितात. ते वाचलं की मी थांबवते. दुसऱ्याच्या हलाखीवरून आपलं बरं मोजणं यात सुटकेचा निःश्वास असेल, कृतज्ञता नाही. त्यात तुमच्यासाठी कोणी काही केलेलं नाही, आणि त्या माणसासाठी तुम्हीही काही केलेलं नाही.

आता घरातलं हसणं. इथे तुम्हाला थोडा दिलासा देते. २०१८ साली एका संशोधकांच्या गटाने पाच खंडांतल्या आठ भाषांमधल्या घरगुती, रोजच्या बोलण्याची रेकॉर्डिंग तपासली. मीठ दे, जरा सरक, ते पातेलं धर, अशा बारीकसारीक मदती माणसं सतत मागतात आणि बहुतेक वेळा त्या मिळतातही. पण मदत मिळाल्यावर तोंडी आभार मानले गेले ते साधारण वीसांत एकदा. इंग्रजी आणि इटालियन बोलणारे जरा जास्त वेळा मानत होते, इक्वाडोरमधल्या एका भाषेत तर जवळपास कोणीच नाही. त्या आठांत मराठी नव्हती, पण तुमच्या आईला त्या रेकॉर्डिंगमध्ये बसवलं असतं तर ती अगदी चपखल बसली असती. घरचं माणूस घरचं काम करणारच, हे जगात जवळपास सगळीकडे गृहीत असतं. त्याला दर वेळी पावती दिली, की समोरच्याला आपण गिऱ्हाईक झाल्यासारखं वाटतं. आई ‘परकी’ म्हणाली त्यात राग नव्हता. तुम्ही तिला अनवधानाने उंबऱ्याबाहेर उभं केलंत, एवढंच तिने सांगितलं.

बायकोचं वाक्य वेगळं आहे आणि त्याकडे जरा बारकाईने बघा. ‘आज काय काम काढलंय’ हे ती उगाच म्हणाली नाही. बऱ्याच घरांत गोड बोलणं हे मागणीच्या आधी येतं: मित्र जेवायला येणार आहेत, गावी दोन दिवस जास्त राहायचंय, क्रेडिट कार्डाचं बिल वाढलंय. बायकांना हा क्रम पाठ असतो. म्हणून पहिला नियम असा, की आभारानंतर निदान त्या दिवशी तरी काहीही मागायचं नाही. काही आठवडे असं झालं की संशय आपोआप जातो.

दुसरं म्हणजे डबा हातात घेताना घाईघाईत म्हटलेलं थँक्यू. तुमची पहिली पाळी असेल तर सातला हजर व्हायचं, म्हणजे ती पाचला उठत असणार. त्या वेळी तिचं लक्ष गॅसवर, तुमचं घड्याळावर. तिथे काहीच पोचत नाही. संध्याकाळी, दोघं जरा टेकलेले असताना सांगा, आणि त्यात तिने काय केलं ते येऊ द्या. ‘काल तुझं डोकं दुखत होतं, तरी झोपायच्या आधी उठून मटकी भिजत घातलीस, मी बघितलं.’ इथे थांबायचं. पुढे ‘म्हणून थँक्यू’ जोडलंत तरी हरकत नाही, नाही जोडलंत तरी काही अडत नाही. सारा ॲल्गो या संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जोडप्यांमधलं असं बोलणं अभ्यासलं, २०१६ साली ते प्रसिद्ध झालं. आभार मानणारा ‘मला किती फायदा झाला’ यावर बोलला तर फारसा फरक पडत नव्हता. ‘तू काय केलंस, त्यात तुझं काय दिसलं’ यावर बोलला तर ऐकणाऱ्याला जवळीक वाटत होती. आपण नेमकं उलटं करतो. ‘डबा मस्त होता, पोट भरलं’ हे तुमच्या पोटाविषयी झालं. तिच्याविषयी त्यात एक अक्षर नाही.

तिसरी वाट आपल्या घरांत फार जुनी आहे आणि ती मला सगळ्यात आवडते: तिसऱ्याला सांगणे. बहीण फोनवर असताना, बायको स्वयंपाकघरातून ऐकते आहे हे माहीत असताना, ‘बाबांच्या ऑपरेशनचं सगळं हिनेच बघितलं, मी नुसता हॉस्पिटलच्या खुर्चीवर बसून होतो’ असं म्हणा. माझ्यासमोर बसून कित्येक बायकांनी सांगितलंय, की नवरा तोंडावर कधी काही बोलला नाही, पण शेजारणीने ‘तुमचे हे तुमचं फार कौतुक करत होते’ म्हटलं तो दिवस लक्षात राहिला. समोरासमोर ऐकताना माणूस संकोचतो, विषय बदलतो. आडून ऐकलेलं मात्र नाकारता येत नाही. मात्र पाहुण्यांसमोर कौतुक आणि घरात शुकशुकाट, असं झालं तर तेच उलटतं. ‘लोकांना दाखवायला बरा’ हे वाक्यही मी तितक्याच वेळा ऐकलंय.

आणि हातांनी मानलेले आभार. एक बाई मला म्हणाल्या होत्या, “मॅडम, शब्द राहू द्या. घरी आल्यावर डबा बॅगेतून काढून, उघडून, सिंकमध्ये ठेवला तरी मी पावले.” रात्रभर बंद राहिलेला डबा सकाळी कोणाला उघडावा लागतो, हे ज्याला कळलं त्याला अर्धा विषय कळला.

आईला थँक्यू म्हणूच नका. तिला विचारा. ‘तू तेव्हा बाबांच्या एका पगारात आम्हा भावंडांचं कसं भागवायचीस? दिवाळीच्या महिन्यात काय करायचीस?’ आणि मग मोबाइल बाजूला ठेवून ऐका. त्या पिढीतल्या बायकांना कोणी कधी हे विचारलेलंच नसतं. रेशनची साखर कशी पुरवली, कोणाकडून पाटल्या ठेवून पैसे आणले, हे सांगताना त्या खुलतात आणि सांगून झाल्यावर त्यांना आभाराची गरज उरत नाही. तुम्हाला माहीत नसलेल्या दोन-तीन गोष्टी तरी निघतीलच. त्या रविवारच्या पानावर आपोआप येतील.

कारखान्याचं तुम्ही विचारलेलं नाही, पण सुपरवायझर आहात म्हणून थोडं. वरिष्ठाने मानलेले आभार कामाला लागतात, हे खरं आहे. ॲडम ग्रँट आणि फ्रान्सेस्का जिनो यांच्या २०१० सालच्या एका प्रयोगात, विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या मागणाऱ्या कर्मचाऱ्यांना संचालिकेने स्वतः येऊन आभार मानले, तर पुढच्या आठवड्यात त्यांचे फोन पन्नास टक्क्यांहून जास्त वाढले. हे आकडे ऐकून व्यवस्थापनाचे डोळे चमकतात, म्हणून सत्रात मी लगेच पुढचं सांगते. जादा कामाची दुप्पट मजुरी हा कायद्याने दिलेला हक्क आहे. ती अडकवून ठेवून ‘तुम्ही आमचं कुटुंब आहात’ म्हणणाऱ्याचे आभार कामगार बरोबर ओळखतात. पैसे वेळेवर मिळत असतील तरच पुढचं बोलणं. ते झाल्यावर मात्र तपशिलाने बोला: ‘काल सेटिंग बदलल्यावर तू पहिला पीस मोजायला थांबलास, म्हणून लॉट वाचला.’ सगळ्यांसमोर बोलायचं की मशीनपाशी एकट्याला, हे माणसावर आहे. काहींना चारचौघांत आवडतं, काहींची नंतर ‘साहेबांचा माणूस’ म्हणून चेष्टा होते. कंत्राटी मुलांना तर कोणी नावानेही हाक मारत नाही. तिथे नाव घेतलंत तरी सुरुवात झाली. खंडेनवमीला मशीनला हार घालतो, पेढे वाटतो. त्याच दिवशी ते मशीन वर्षभर नीट ठेवणाऱ्याशी दोन वाक्यं बोलायला कोणाची हरकत नसावी.

रस्त्यावरचे लोक, म्हणजे रिक्षावाला, सिटीलिंक बसचा वाहक, घंटागाडीवरचे कर्मचारी, पार्सल आणणारी मुलं, यांच्याशी तुमचं ते साधं थँक्यू अगदी बरोबर आहे. तिथे कोणी हसत नाही. मे महिन्यात त्याबरोबर पाणी विचारा.

मामांकडे जायच्या आधी एक सावधगिरी. उपकारांची आठवण ठेवणं वेगळं आणि उपकारांच्या ओझ्याखाली राहणं वेगळं. ‘आम्ही तुझ्यासाठी एवढं केलं’ हे वाक्य काही घरांत हुकूम म्हणून वापरलं जातं. सुनेला गप्प बसवायला, सांभाळलेल्या भाच्या-पुतण्याकडून सह्या घ्यायला, आवडत्या मुलीशी लग्न मोडायला. तुमच्या मामांविषयी तुम्ही असं काही लिहिलेलं नाही, म्हणून मी ते गृहीत धरत नाही. पण कुठे तसं असेल तर वाचणाऱ्यांनी लक्षात ठेवावं: त्यांनी जे केलं ते मोठं होतं हे मनापासून मान्य करूनही त्यांना आज ‘नाही’ म्हणता येतं. आणि ज्या घरात मारहाण आहे, तिथे बाईला ‘जे मिळालंय त्याबद्दल कृतज्ञ राहा’ सांगणं मला गुन्ह्यासारखंच वाटतं.

तर मामा. घसा अडकतो याचं एक कारण तुम्ही मनात भाषण तयार करून जाता. सेलिगमन यांच्याच त्या २००५ सालच्या कामात एक प्रकार होता. ज्याचे आभार राहून गेलेत त्याला पत्र लिहायचं आणि स्वतः नेऊन द्यायचं. तपासलेल्या सगळ्या प्रकारांत याने लिहिणाऱ्याला सर्वात जास्त आनंद दिला, मात्र तो महिनाभर टिकला, मग ओसरला. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी २०१८ साली आणखी एक गोष्ट दाखवली. पत्र लिहिणाऱ्यांना वाटत होतं, की समोरच्याला अवघडल्यासारखं होईल आणि त्यात नवीन असं काही वाटणार नाही. प्रत्यक्षात पत्र मिळालेल्यांना आश्चर्य आणि आनंद दोन्ही त्या अंदाजापेक्षा जास्त झाले, अवघडलेपण कमी. लिहिणारा शब्दांची काळजी करत बसतो, वाचणारा फक्त माया बघतो. तुमचं शुद्धलेखन मामा तपासणार नाहीत.

एक पान लिहा. तेव्हा काय दिसलं ते लिहा. मग मोठं झाल्यावर काय कळलं ते लिहा, हे महत्त्वाचं. अठरा वर्षांच्या मुलाला फी भरली एवढंच दिसतं. आज घर चालवताना तुम्हाला कळत असेल, की बाग गेलेल्या वर्षी सोसायटीचं कर्ज आणि औषध दुकानाची उधारी डोक्यावर असताना ते पैसे कुठून तरी काढलेले होते. हे तुम्हाला कळलंय, एवढं त्यांना समजू द्या. ‘उपकार कसे फेडू’ नको आणि पाकीट तर मुळीच नको. पैशांची मदत करायची असेल तर दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या निमित्ताने करा. त्याच हाताने दिलीत तर हिशेब मिटवायला आल्यासारखं होतं.

पत्र समोर बसून वाचून दाखवू नका. आपल्याकडचा साठीतला माणूस तिसऱ्या ओळीला ‘चहा टाक गं’ म्हणून उठतो. निघताना हातात द्या, ‘सावकाश वाचा’ म्हणा. किंवा बागेतून दोघं चालत असताना, नजर समोर असताना बोला. पुरुषांना शेजारी शेजारी चालताना जे बोलता येतं ते समोरासमोर येत नाही. वेळ बघून जा. जानेवारी ते एप्रिल काढणी, व्यापारी, गाड्या. ऑक्टोबरात गोडी छाटणी. श्रावणात जा, जमलं तर पोळ्याच्या आदल्या दिवशी. खांदेमळणीला शेतकरी बैलाचा खांदा गरम पाण्याने शेकतो, हळद आणि लोणी चोळतो आणि ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या’ म्हणतो. वर्षभर जू जिथे बसलं, हात बरोबर तिथे जातो. तुमच्या पत्राचा हातही तिथेच जायला हवा.

आणि आता, तुमचा प्रश्न दुसऱ्यांदा वाचताना मला जे खटकलं ते. त्यात मामींचा उल्लेख एकदाही नाही. दोन वर्षं तुम्ही त्या घरात राहिलात. फी मामांनी भरली, निर्णय मामांचा, म्हणून ऋण मामांच्या नावावर चढलं. पण रोज एक ताट जास्तीचं कोणी वाढलं? कॉलेजच्या एसटीसाठी पहाटे भाकरी कोणी थापली, कपडे कोणी धुतले, ताप आला तेव्हा रात्री कोण उठलं? बाग गेलेल्या वर्षी घरखर्चाला कात्री लावून तुमचं ताट तेवढंच ठेवणारी कोण होती? कदाचित एखादा मामेभाऊही असेल, ज्याची खोली तुमच्या वाट्याला आली आणि ज्याला कोणी विचारलं नव्हतं. हा काही तुमच्या एकट्याचा दोष नाही. माझ्याकडे येणारे बहुतेक जण असंच सांगतात. पैसा ज्याच्या हातून येतो त्याचं नाव लक्षात राहतं. ज्याच्या अंगावरून काम जातं त्याचं राहत नाही.

म्हणून पत्रं दोन लिहा, आणि मामींचं आधी लिहा. तुम्हाला वाटेल मामींविषयी लिहायला काही नाही, कारण घटना मोठी नाही, फी नाही, गारपीट नाही. बसा आणि आठवा. काय वाढायच्या, तुम्हाला काय आवडत नाही हे त्यांना कधी कळलं, परीक्षेच्या दिवसांत घरात टीव्ही का बंद असायचा. दोन आठवडे लागले तरी लागू देत. पुढचे दोन रविवार वहीत दुसरं काही नको. तुम्ही विचारत होतात ना, वहीत नवीन काय लिहू?

पत्र दिल्यावर मामी एखादे वेळी ‘त्यात काय एवढं’ म्हणतील. वाद घालू नका, पटवू नका, जेवून निघा. बहुधा त्या असंही म्हणतील, “मला कशाला, मामांना सांग.” तेव्हा सांगा, मामांचं पत्र वेगळं आहे, हे तुमचं आहे.